परदेशी व्यापारातली जोखीम नेमकी कोणाच्या डोक्यावर असते?

फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या पॅकहाऊसमधून द्राक्षांचा कंटेनर निघतो. आत बारा-तेरा टन माल असतो आणि तापमान शून्य अंशाच्या आसपास राखलेले असते. न्हावा शेवा बंदरातून सुएझ कालव्यामार्गे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला पोचायला त्याला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. एवढ्या दिवसांत बरेच काही घडू शकते. जहाज वाटेत अडकते, कंटेनरची शीतयंत्रणा बंद पडते, युरोचा भाव उतरतो, तिकडच्या खरेदीदाराचे दिवाळे वाजते, प्रयोगशाळेला मालात औषधाचा अंश सापडतो, नाहीतर एखाद्या सरकारी कार्यालयातून रातोरात अधिसूचना निघते.

देशातल्या व्यापारातही धोके असतातच. पण पुण्याच्या व्यापाऱ्याने इंदूरच्या व्यापाऱ्याला माल दिला, तर दोघांचे चलन एक असते, कायदा एक असतो आणि वेळ पडलीच तर गाडी काढून त्याच्या दुकानात जाऊन बसता येते. सीमा ओलांडली की या तिन्ही सोयी जातात. म्हणून व्यापारी, बँका आणि विमा कंपन्या यांनी धोका वाटून घेण्याची एक मोठी यंत्रणा उभी केली आहे. तिला आज ‘जोखीम व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव आहे. या यंत्रणेतून धोका क्वचितच नाहीसा होतो. बहुतेक वेळा तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि घेणारा त्याची किंमत वसूल करतो. त्यामुळे कंपनी लहान असो की मोठी, तिला दोन गोष्टी पाहाव्या लागतात: या घडीला हा धोका कोणाकडे आहे, आणि तो झेलण्याची त्याची ऐपत आहे का?

माल कोणाचा, आणि कुठपर्यंत?

पहिला प्रश्न अगदी साधा वाटतो. माल समुद्रात बुडाला तर नुकसान विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे? याचे उत्तर दोन देशांच्या कायद्यांवर सोडले तर वाद संपणारच नाहीत. म्हणून पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेने १९३६ साली ‘इन्कोटर्म्स’ नावाचे नियम तयार केले. त्यांची सध्याची आवृत्ती २०२० सालची आहे आणि तिच्यात ११ अटी आहेत. करारात यातली कोणती तीन अक्षरे लिहिली आहेत त्यावर खर्च कोणाचा आणि धोका कोणाचा, हे ठरते.

आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येणाऱ्या अटी दोन: एफओबी आणि सीआयएफ. एफओबीमध्ये माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की धोका खरेदीदाराकडे जातो. पुढचे भाडे आणि विमाही त्यानेच पाहायचा. सीआयएफमध्ये मालाची किंमत, विमा आणि भाडे असे सगळे विकणारा भरतो, तेही थेट पोचण्याच्या बंदरापर्यंत. यावरून अनेकांचा समज होतो की माल तिकडे उतरेपर्यंत धोकाही विकणाऱ्याचाच असणार. तसे नसते. सीआयएफमध्येही धोका निघण्याच्या बंदरातच खरेदीदाराकडे जातो. पैसे भरणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा, अशी ही रचना आहे. नवख्या निर्यातदाराची आणि त्याहून जास्त नवख्या आयातदाराची इथेच फसगत होते.

आणखी एक मेख कंटेनरची. कंटेनर कारखान्यातून निघतो, यार्डात दोन-चार दिवस उभा राहतो आणि मग जहाजावर चढतो. एफओबी लिहिले असेल तर यार्डातल्या त्या दिवसांत माल विकणाऱ्याच्या ताब्यात नसतो, पण धोका त्याचाच असतो. म्हणून कंटेनरच्या मालासाठी एफसीए ही अट घ्यावी, असे खुद्द नियम करणारी संस्था सांगते. तिच्यात माल वाहतूकदाराच्या हवाली केला की धोका संपतो. तरीही एफओबीची सवय काही सुटत नाही.

ताज्या फळांच्या व्यापारात तर ही सगळी विभागणी बऱ्याचदा कागदावरच राहते. युरोपात जाणारी पुष्कळ द्राक्षे कन्साइनमेंट पद्धतीने जातात. माल पाठवायचा, तिकडच्या आयातदाराने तो मिळेल त्या भावाने विकायचा आणि आपले कमिशन व खर्च कापून उरलेले पैसे पाठवायचे. काही वेळा किमान भावाची हमी असते, काही वेळा तीही नसते. अशा व्यवहारात भाव पडण्याचा धोका शेवटच्या पेटीपर्यंत निर्यातदाराकडेच राहतो. निर्यातदाराने शेतकऱ्याशी तसाच करार केला असेल, तर तो आणखी मागे सरकून बागेपर्यंत येतो.

विमा आहे, पण कशाचा?

सागरी मालाच्या विम्याची कलमे जगभर बहुतांशी लंडनमध्ये ठरलेल्या नमुन्यावर बेतलेली असतात. त्यांचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत. ए सर्वात व्यापक, सी सर्वात तोकडा. सीआयएफ अटीखाली विकणाऱ्याने किमान सी प्रकारचा विमा काढला तरी चालतो. आग, जहाज बुडणे, टक्कर असे मोठे अपघात त्यात येतात. चोरी, मोडतोड, पाण्याने भिजणे यातले बरेच काही येत नाही. ‘विमा काढलाय’ एवढ्या उत्तरावर समाधान मानणाऱ्या खरेदीदाराला हे नुकसान झाल्यावरच कळते.

ए प्रकारालाही लोक ‘ऑल रिस्क’ म्हणतात, पण त्यात सगळे धोके नसतात. युद्धाचा धोका वगळलेला असतो. त्यासाठी वेगळा हप्ता भरून वेगळे कलम घ्यावे लागते. दुसरे वगळलेले कारण नाशवंत मालासाठी अधिक गंभीर आहे, ते म्हणजे उशीर. जहाजाला उशीर झाला आणि त्यामुळे माल खराब झाला तर भरपाई मिळत नाही, मग तो उशीर विम्यात धरलेल्या एखाद्या अपघातामुळे झालेला असला तरीही. शीतयंत्रणेच्या बिघाडासाठी वेगळे कलम घेता येते. पण यंत्रणा सलग २४ तास बंद पडली असेल तरच पैसे, अशी अट त्यात नेहमी असते.

या कलमाचा अर्थ काय होतो हे २०२४ च्या हंगामात दिसले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. त्यानंतर हल्ले वाढले आणि डिसेंबरात मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडे भडकले. आपल्या द्राक्षांचा हंगाम नेमका जानेवारीत सुरू होतो. ज्या जहाजावर हल्ला झालाच नाही, त्यावरच्या द्राक्षांचेही दिवस वाढले, देठ सुकले आणि बाजारातला भाव घटला. युद्धाचे कलम घेतलेल्यालाही त्याचा उपयोग नव्हता, कारण माल युद्धात नष्ट झाला नव्हता. तो फक्त उशिरा पोचला होता. हा धोका कोणत्याच विमा कंपनीने घेतला नव्हता. तो निर्यातदाराकडेच होता आणि आहे.

मार्च २०२१ मधल्या ‘एव्हर गिव्हन’ प्रकरणाने तर एक जवळजवळ विसरलेला नियम जगाच्या ध्यानात आणून दिला. ४०० मीटर लांबीचे हे जहाज २३ मार्चला सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि २९ मार्चला सुटले. मालकी जपानी कंपनीची, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा आणि त्यावरचे २५ कर्मचारी भारतीय. जहाज सुटल्यावर मालकाने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले. म्हणजे काय? जहाज आणि त्यावरचा सगळा माल वाचवण्यासाठी जो असाधारण खर्च झाला, तो जहाजाचा मालक आणि मालाचे सगळे मालक यांनी आपापल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. वादळात काही माल समुद्रात फेकून जहाज वाचवले तर ज्याचा माल गेला त्याचे नुकसान सर्वांनी मिळून भरून द्यायचे, ही कल्पना ऱ्होड्स बेटाच्या नावाने रोमन कायद्यात नोंदलेली आहे, इतकी ती जुनी आहे.

एव्हर गिव्हनवर सुमारे १८,३०० कंटेनर होते. त्यांतल्या कोणाच्याही मालाला ओरखडा आलेला नसला, तरी आपल्या हिश्श्याची हमी दिल्याशिवाय माल ताब्यात मिळणार नव्हता. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. ‘आपल्याकडे कधी काही होत नाही’ म्हणून विमा न काढणाऱ्याला मात्र खिशातून रोख अनामत ठेवावी लागते. त्यात सुएझ कालवा प्राधिकरणाने भरपाईसाठी जहाजच अडकवून ठेवले. सुरुवातीची मागणी ९१ कोटी ६० लाख डॉलरची होती, ती नंतर ५५ कोटींवर आली. तडजोड होऊन जहाज ७ जुलैला निघाले आणि मार्चअखेर अपेक्षित असलेला माल जुलैच्या शेवटी रॉटरडॅमला पोचला.

माल पोचला, पैसे कधी?

पैशाच्या बाबतीत दोघांची भीती एकमेकांच्या उलट असते. विकणाऱ्याला वाटते, माल दिला आणि पैसे आलेच नाहीत तर? घेणाऱ्याला वाटते, पैसे दिले आणि माल आलाच नाही तर? ही कोंडी फोडण्यासाठी मध्ये बँक आणली गेली. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीत एलसी, हे बँकेचे वचन असते: ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत सादर करा, आम्ही पैसे देऊ.

या वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘कागदपत्रे’ हा आहे. एलसीचे जगभर चालणारे नियम यूसीपी ६०० या नावाने १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की बँकेचा संबंध फक्त कागदांशी आहे, मालाशी नाही. कंटेनरमध्ये उत्तम माल आहे, पण बिलावर मालाचे वर्णन एलसीपेक्षा वेगळे लिहिले गेले, तर बँक पैसे रोखू शकते. उलट कंटेनरमध्ये दगड भरलेले असले आणि कागद चोख असले, तर पैसे द्यावे लागतात. अपवाद उघडकीस आलेल्या फसवणुकीचा. भाव पडलेला असेल तर खरेदीदार कागदात चूक सापडण्याची वाटच पाहत असतो. म्हणून अनुभवी निर्यातदार एलसी हातात आल्याबरोबर माल भरण्याआधी ती ओळीओळीने वाचतो आणि न पाळता येणारी अट असेल तर आधी दुरुस्त करून घेतो.

शिवाय वचन देणारी बँक कोणत्या देशातली आहे, हेही पाहावे लागते. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जाची परतफेड थांबवली. त्याआधी कित्येक आठवडे कोलंबो बंदरात अन्नधान्याचे शेकडो कंटेनर अडकून पडले होते. आयातदारांकडे रुपये होते, त्यांची पैसे देण्याची इच्छा होती आणि बँकाही उघड्या होत्या. पण बँकांकडे डॉलर नव्हते. खरेदीदार प्रामाणिक असूनही पैसे येत नाहीत, अशा या धोक्याला ‘हस्तांतराचा धोका’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या भक्कम बँकेकडून त्या एलसीची हमी घेणे. तिची फी असते, आणि देश जितका अडचणीत तितकी ती जास्त. संकट दारात आल्यावर अशी हमी सहसा मिळतच नाही.

एलसीशिवाय उधारीवर माल देणाऱ्यांसाठी निर्यात पतविमा असतो. सरकारने असा विमा देण्याची पद्धत ब्रिटनने १९१९ मध्ये सुरू केली. भारतात १९५७ मध्ये त्यासाठी मुंबईत महामंडळ स्थापन झाले. आज ते ईसीजीसी या नावाने ओळखले जाते. खरेदीदाराचे दिवाळे, दीर्घकाळ थकलेले बिल, त्या देशातले युद्ध, नव्याने घातलेली आयातबंदी, डॉलर बाहेर नेण्यावरचे निर्बंध अशा कारणांनी पैसे बुडाले तर नुकसानीचा मोठा हिस्सा ते भरून देते. पूर्ण रक्कम सहसा देत नाही, आणि यामागे कारण आहे. थोडे नुकसान निर्यातदाराच्या अंगावर राहिले तरच तो खरेदीदार पारखून घेतो.

पण ‘तुमचा माल निकृष्ट होता’ असे म्हणून खरेदीदाराने पैसे अडवले, तर हा विमा आपोआप लागू होत नाही. आधी त्या देशातल्या न्यायालयातून आपल्या बाजूने निकाल आणावा लागतो. अनुभवी बुडव्याला हे ठाऊक असते. म्हणून तो ‘पैसे नाहीत’ असे कधीच म्हणत नाही, ‘माल खराब होता’ असेच म्हणतो. माल निघण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घेतलेला अहवाल अशा वेळी विम्याइतकाच कामाला येतो.

जाता जाता एका साध्या फसवणुकीबद्दल. खरेदीदार आणि विक्रेता यांच्या ईमेलमध्ये तिसराच कोणी शिरतो आणि विक्रेत्याच्या नावाने कळवतो, ‘आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, या वेळी पैसे नव्या खात्यावर पाठवा.’ पत्ता एका अक्षराने वेगळा असतो, पैसे जातात आणि परत येत नाहीत. खाते बदलल्याचा निरोप आला की आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची, एवढाच यावरचा उपाय. त्याला खर्च शून्य आहे, तरी तो होत नाही.

रुपया, डॉलर आणि २००८

समजा, एका कारखानदाराने एक लाख डॉलरची ऑर्डर घेतली आहे आणि पैसे चार महिन्यांनी येणार आहेत. तोपर्यंत डॉलर दोन रुपयांनी उतरला तर त्याचे दोन लाख रुपये गेले. नफाच तीन-चार लाखांचा असेल तर निम्मा नफा कोणतीही चूक न करता संपला. यावरचा जुना आणि सरळ मार्ग म्हणजे फॉरवर्ड करार. चार महिन्यांनंतर डॉलर कोणत्या भावाने विकायचे हे आजच बँकेशी ठरवून टाकायचे. रुपयावरचे व्याजदर डॉलरपेक्षा सहसा जास्त असल्याने पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग असतो आणि निर्यातदाराला त्या फरकाचा फायदाही मिळतो. अट अशी की नंतर डॉलर वर गेला तरी हळहळायचे नाही, आणि ऑर्डर रद्द झाली तरी करार पुरा करावा लागतो किंवा त्या दिवशीच्या भावाने मोडावा लागतो.

हळहळ टाळण्याच्या नादात काय होते ते २००८ मध्ये भारतीय निर्यातदारांनी पाहिले. २००७ च्या सुरुवातीला ४४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर वर्षाअखेर ३९ वर आला. निर्यातदारांचे धाबे दणाणले. त्या सुमारास काही बँकांनी ‘बिनखर्चाचे संरक्षण’ म्हणून गुंतागुंतीचे करार विकले. त्यांचा साचा साधारण असा: डॉलर उतरला तर बँक तुम्हाला चांगला भाव देईल, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच, डॉलर चढला तर तुम्ही बँकेला जुन्याच भावाने डॉलर द्यायचे, तेही दुप्पट. काही करार तर स्विस फ्रँक किंवा येन यांच्या चढउतारावर बांधलेले होते, जरी त्या कंपनीने त्या देशांत कधी एक रुपयाचा माल विकलेला नव्हता. हप्ता लागत नव्हता, कारण विमा काढल्याच्या समजुतीत कंपनीच बँकेचा विमा उतरवत होती. २००८ मध्ये जागतिक संकट आले आणि डॉलर उलटा फिरून वर्षाच्या अखेरीस पन्नाशीच्या घरात गेला. तिरुपूरच्या कापड निर्यातदारांसह अनेक कंपन्या कोर्टात गेल्या. पुढे एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्ह व्यवहारांतले नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंड केला. दंडाच्या रकमा मात्र काही लाखांतच होत्या.

यात बँकांचा दोष मोठा होता, पण कंपन्यांचाही होता. आपल्याकडे येणार आहेत त्याहून जास्त डॉलरचा करार केला, की तो बचाव राहत नाही, सट्टा होतो. हा फरक ओळखायला वित्तशास्त्राची पदवी लागत नाही. येणाऱ्या डॉलरची वही पुरते.

मोठ्या कंपन्या याहून साधा उपाय पसंत करतात. ज्या चलनात कमाई आहे त्याच चलनात कर्ज आणि खर्च ठेवायचा. डॉलर उतरला तर कमाई घटते, पण हप्ताही घटतो. याच्या उलट केले की काय होते, त्याचे जुने उदाहरण ब्रिटनच्या लेकर एअरवेजचे. स्वस्त तिकिटांसाठी गाजलेल्या या विमान कंपनीची बरीच कमाई पौंडात होती आणि विमानांसाठी घेतलेले कर्ज डॉलरमध्ये. १९८१ मध्ये डॉलर वधारला, त्यात मंदी आली आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बंद पडली.

सरकारी कागद

ज्या धोक्याला विमाही नाही आणि फॉरवर्ड करारही नाही, तो नियमांचा. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढनियंत्रक रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणून ओळखतात. २००३ मधल्या अशाच एका प्रकरणानंतर अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही नोंदणी आणि तपासणीची व्यवस्था उभी केली होती. प्रत्येक प्लॉटची नोंद, नमुन्यांची तपासणी, कंटेनरपासून बागेपर्यंत माग काढण्याची सोय, सगळे त्यात होते. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत तेव्हा सीसीसीचा समावेश नव्हता. निर्यातदाराकडे तपासणीचा अहवाल स्वच्छ होता आणि माल नाकारला गेला. पुढे यादीत सुधारणा झाली आणि व्यवस्था अधिक कडक झाली. आज युरोपात भारतीय द्राक्षे टिकून आहेत, त्याचे बरेच श्रेय या व्यवस्थेला जाते.

नियम आपल्याही बाजूने बदलतात. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी. ज्यांचा माल आधीच जहाजावर चढू लागला होता किंवा कस्टम्सच्या ताब्यात होता त्यांना सवलत मिळाली. वाटेत असलेल्या ट्रकवाल्यांना आणि चाळीत माल धरून बसलेल्यांना नाही. पतविम्याची नेहमीची पॉलिसी माल रवाना झाल्यापासून सुरू होते, त्यामुळे तिचा इथे उपयोग नव्हता. करारातल्या ‘आवाक्याबाहेरच्या घटना’ या कलमामुळे फार तर दंड टळतो. गेलेला खरेदीदार दुसऱ्या देशाकडे वळतो आणि तिथेच रमतो, त्याची भरपाई कोणतेही कलम देत नाही. भाव काबूत ठेवायचा हेतू समजण्यासारखा असला, तरी त्यासाठीचा धोका न विचारता कोणाच्या गळ्यात पडतो, हे लासलगावात वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या देशात प्रकल्प उभारला तर? दाभोळची गोष्ट

माल विकणाऱ्याचे नुकसान एका कंटेनरपुरते असते. दुसऱ्या देशात कारखाना टाकणाऱ्याला मात्र तो उचलून परत नेता येत नाही. जुलै २०२३ मध्ये रशियाने दानोन आणि कार्ल्सबर्ग यांचे तिथले उद्योग एका फर्मानाने सरकारी ताब्यात घेतले, हे अलीकडचे उदाहरण. पण धोक्याची वाटणी कशी करू नये हे समजायला महाराष्ट्राला इतके दूर जायची गरज नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉनने उभारलेल्या दाभोळ पॉवर कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी करार केला. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात दोन टप्प्यांत दोन हजार मेगावॉटहून मोठा प्रकल्प होणार होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या भागीदार होत्या. परदेशी कंपनीच्या नजरेतून पाहिले तर हा करार म्हणजे जोखीम व्यवस्थापनाचा आदर्शच होता. मंडळ वीज घेवो वा न घेवो, क्षमतेचा आकार द्यायचाच, म्हणजे मागणीचा धोका मंडळाकडे. दर डॉलरशी जोडलेला, म्हणजे चलनाचा धोकाही मंडळाकडे. इंधनाचा भाव चढला तर तो दरात, म्हणजे इंधनाचा धोकाही मंडळाकडेच. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. शिवाय राजकीय धोक्याचा विमा अमेरिकन सरकारच्याच एका संस्थेकडून.

सगळे धोके अशा रीतीने एकाच दाराशी नेऊन ठेवले गेले. त्या दारामागे कोण होते? वीजचोरी, गळती आणि थकबाकी यांनी आधीच वाकलेले एक सरकारी मंडळ. १९९५ मध्ये सत्तांतर झाल्यावर करार रद्द झाला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन पुन्हा झाला आणि १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. १९९३ मध्ये ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत ४६ च्या पुढे गेला होता. नाफ्थाचे भाव चढले. वीज महाग म्हणून मंडळ कमी घेऊ लागले, आणि स्थिर आकार कमी युनिटांवर विभागला गेल्याने प्रत्येक युनिट आणखी महाग झाले. २००० मध्ये काही काळ हा दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. मंडळाची बिले थकू लागली.

एन्रॉनने २००१ च्या सुरुवातीला आधी राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी वटवायला घेतली. कागदावर जे लिहिले होते तेच ती करत होती. पण हमी देणारे सरकार जेव्हा स्वतःच बिलाच्या रकमेवर वाद घालू लागते, तेव्हा ती हमी वसूल करायला कोणत्या दारात जायचे? मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात, हिशेबातल्या लबाडीमुळे, एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. पुढची काही वर्षे लवाद आणि दावे यांत गेली. परदेशी भागीदारांनी मॉरिशसबरोबरच्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारताविरुद्ध दावे केले. राजकीय धोक्याच्या विम्याच्या प्रकरणात २००३ मध्ये अमेरिकेतल्या लवादाने बेक्टेलच्या बाजूने निर्णय दिला, आणि विम्याचे पैसे देणाऱ्या अमेरिकन संस्थेने ते वसूल करण्यासाठी भारत सरकारकडे मोर्चा वळवला. धोका पुन्हा एकदा हात बदलून दोन सरकारांमधला वाद बनला. २००५ मध्ये तडजोडी झाल्या.

त्या वर्षी जुलैमध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी वित्तसंस्थांच्या साथीने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन केली आणि प्रकल्प तिच्याकडे आला. यंत्रे पुन्हा सुरू झाली. पण इंधनाचा प्रश्न नव्या मालकालाही चुकला नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूचे उत्पादन घसरल्यावर २०१३ मध्ये वायूअभावी प्रकल्प पुन्हा थांबला. २०१५ च्या अखेरीस रेल्वेने वीज घ्यायचे मान्य केल्यावर त्यातला काही भाग चालू झाला, आणि शेजारचे द्रवरूप वायूचे टर्मिनल वेगळे करून कोकण एलएनजी या कंपनीकडे देण्यात आले.